खुर्ची त्यांची, कात्रीही त्यांचीच!

१७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. केंद्र सरकारच्या वेगवेगळ्या मंत्रालयांत ४५ जागा भरायच्या होत्या. १० सहसचिव आणि ३५ संचालक व उपसचिव. नागरी सेवा परीक्षा नाही, आरक्षण नाही. खासगी कंपनीत बसलेला माणूस मुलाखत देऊन थेट देशाचे धोरण ठरवणाऱ्या टेबलावर येऊन बसणार. याचेच नाव लॅटरल एंट्री. देशभर बोंब उठली आणि तीनच दिवसांत, २० ऑगस्टला, कार्मिक खात्याचे राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी आयोगाला पत्र लिहून जाहिरात मागे घ्यायला लावली.

बरोबर एका महिन्याने, २० सप्टेंबर २०२४ रोजी, मुंबई उच्च न्यायालयातून दुसरी बातमी आली. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल इंटरनेटवर लिहिलेले काय खोटे आणि काय दिशाभूल करणारे, हे सरकारचेच 'फॅक्ट चेक युनिट' ठरवील, असा २०२३ साली आणलेला नियम न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी घटनाबाह्य ठरवला.

पहिल्या बातमीवर आमच्या पोरांनी पेढे वाटले. दुसरी बातमी मात्र "तो कुणाल कामराचा विषय आहे, कॉमेडीवाल्यांचा विषय आहे" म्हणून बाजूला सारली. आमचे आजचे भांडण नेमके इथे आहे. हे दोन विषय नाहीत, एकच विषय आहे. खुर्चीवर कोण बसतो हा पहिला प्रश्न. खुर्चीवर बसलेला कोणाचे लिखाण कापतो हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग. खुर्चीसाठी लढायचे आणि कात्रीकडे दुर्लक्ष करायचे, हे चालणार नाही. आणि कात्रीवर ओरडणारे जे उदारमतवादी खुर्ची कोणाची हा प्रश्नच विचारत नाहीत, त्यांच्या मागे नुसते फरफटत जाणेही आम्हाला मान्य नाही.

जाहिरात मागे गेली, युक्ती मागे गेली नाही

आधी खुर्चीचे बघू. ४५ जागांना आरक्षण का नव्हते? सरकारचे म्हणणे असे की यातली प्रत्येक जागा 'एकाकी पद' आहे आणि एकाकी पदाला आरक्षण लागत नाही. एकाच पदाचा संवर्ग असेल तर आरक्षण देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात म्हटले आहे, हे खरे. पण म्हणून ४५ जागा एकाच दिवशी, एकाच जाहिरातीत, एकाच पद्धतीने भरायच्या आणि मोजताना मात्र "एक, एक, एक" असे मोजायचे?

१३ बिंदूंच्या बिंदुनामावलीचा हिशेब आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. पहिल्या तीन जागा खुल्या. चौथी ओबीसीला. सातवी अनुसूचित जातीला. चौदावी अनुसूचित जमातीला. म्हणजे जागांचे तुकडे जितके लहान कराल, तितके आरक्षण आपोआप गळून पडते. एक-एक जागेचा तुकडा केला की सातवा बिंदू कधी येतच नाही. चौदावा तर स्वप्नातही येत नाही. हीच युक्ती विद्यापीठांत विभागवार बिंदुनामावली लावून करून पाहिली होती. ५ मार्च २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या पत्राविरुद्ध रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे २०१९ साली कायदा करून विद्यापीठ हा एक घटक धरला गेला.

आता ४५ जागा एकत्र मोजून बघा. १५ टक्क्यांनी अनुसूचित जातींच्या पावणेसात. साडेसात टक्क्यांनी अनुसूचित जमातींच्या तीनच्या वर. २७ टक्क्यांनी ओबीसींच्या बारा. अपूर्णांक सोडून दिले तरी २१ जागा होतात. एका जाहिरातीत आमच्या २१ जागा गिळायचा बेत होता. पत्रात नंतर सामाजिक न्यायाची कितीही गोड भाषा वापरली तरी हा हिशेब पुसला जात नाही. आणि ही पहिली वेळ नव्हती. २०१८ पासून हा मार्ग सुरू आहे. ६३ जण या वाटेने आत गेल्याचे सरकारने स्वतः संसदेत सांगितले आहे. त्या ६३ साठी बिंदुनामावली कोणी लावली?

इथे काँग्रेसच्या मित्रांनी टाळ्या वाजवू नयेत. ही कल्पना २००५ साली नेमलेल्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने पुढे रेटली, आणि तो आयोग त्यांच्याच सरकारचा होता. कलम ६६ अ आणणारी दुरुस्तीही २००८ ची, आणि संकेतस्थळे बंद करायचे गुप्त नियमही २००९ चे. दोन्ही त्यांचेच. घर बांधले एकाने, त्याला कुलूप ठोकले दुसऱ्याने. आम्ही मात्र दोन्ही वेळा बाहेरच.

३२२ मध्ये १६

आता खुर्ची आणि कात्री यांना जोडणारा आकडा ऐका. हा आकडा आमचा नाही, सरकारचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार, केंद्रीय कर्मचारी योजनेखाली मंत्रालयांत सहसचिव ते सचिव या पदांवर ३२२ अधिकारी होते. त्यांत अनुसूचित जातींचे १६, अनुसूचित जमातींचे १३, ओबीसी ३९ आणि बाकी २५४. १५ टक्के हिस्सा असलेल्या समाजाला पाच टक्केही नाही. त्याआधी २०१९ साली सरकारने दिलेल्या माहितीत ८९ सचिवांपैकी अनुसूचित जातीचा एक होता, जमातीचे तीन आणि ओबीसी एकही नव्हता.

"तुमच्यात लायक माणसे नाहीत" हे जुने तुणतुणे लगेच वाजते. खरी गोष्ट वेगळी आहे. आमचा मुलगा वयाची सवलत घेऊन उशिरा सेवेत येतो, कारण पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत त्याला कोचिंगची फी, दिल्लीतली खोली आणि घरचा खर्च यांतून डोके वर काढता येत नाही. निवृत्तीचे वय मात्र सगळ्यांना साठच. त्याच्या तुकडीचा सचिवपदाचा नंबर लागतो तेव्हा तो पेन्शनचे कागद भरत असतो. जो वेळेत पोहोचतो त्याच्यापुढे 'एम्पॅनलमेंट' नावाची चाळणी उभी असते. तिथे आरक्षण नाही. वरिष्ठ, कनिष्ठ आणि बाहेरचे लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात याची गुपचूप चौकशी होते. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ साली या पद्धतीला अपारदर्शक म्हटले होते. गोपनीय अहवालात "सरासरी" असा शेरा पडून किती हुशार अधिकारी उपसचिवावरच निवृत्त झाले, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही निवृत्त साहेबांना विचारा. ते चहा थंड होईपर्यंत सांगत बसतील.

शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा करवीर दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. म्हणून २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा निघाला. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्वाचा मुद्दा मांडला. १९४२ साली व्हाइसरॉयला गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात सरकारी नोकऱ्यांतल्या वाट्याची मागणी केली, आणि १९४३ साली ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. त्यांना नोकऱ्या फक्त पगारासाठी हव्या होत्या काय? कायदा कागदावर असतो. तो कोणावर लावायचा आणि कोणाला सोडायचे, हे टेबलामागचा माणूस ठरवतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हेच बजावले होते की संविधानाचा एकही शब्द न बदलता, नुसता कारभाराचा साचा बदलून, संविधान निकामी करता येते. लॅटरल एंट्री म्हणजे कारभाराचा साचा बदलणे. आणि त्या साच्यातून जे नियम बाहेर पडतात त्यांत इंटरनेटचे नियम सर्वांत पुढे आहेत.

कात्री कोणाच्या हातात आहे?

आता एकेक कात्री तपासू.

पहिली कात्री कलम ६९ अ. देशाच्या सुरक्षेच्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने एखादे खाते, व्हिडिओ किंवा संकेतस्थळ बंद करता येते. कोण ठरवतो? कायदा, गृह, माहिती व प्रसारण या खात्यांचे आणि सायबर सुरक्षा यंत्रणेचे प्रतिनिधी असलेली समिती. त्यांचा दर्जा काय? किमान सहसचिव. समितीच्या आदेशांचा आढावा कोण घेतो? कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव. सगळी माणसे त्याच ३२२ च्या वर्तुळातली. आणि नियम १६ काय म्हणतो? सगळे गोपनीय. तुमचे खाते बंद झाले, पण का झाले ते तुम्हाला कळेल याची खात्री नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाची खाती आणि 'द कॅरॅव्हॅन' मासिकाचे खाते ट्विटरवर अचानक बंद झाले होते, ते असेच.

दुसरी कात्री कलम ७९ (३) (ब) आणि त्यावर उभे केलेले गृह खात्याचे 'सहयोग' पोर्टल. इथे ६९ अ सारखी समितीसुद्धा लागत नाही. अधिकाऱ्याने कंपनीला कळवायचे, कंपनीने काढून टाकायचे. नाही काढले तर कंपनीचे कायदेशीर संरक्षण धोक्यात. याविरुद्ध एक्स कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्यानंतर सरकारने नियम बदलला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच द्यायची, सहसचिव नसेल तिथे संचालकाने, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने. वर्तमानपत्रांनी याचे "सुधारणा" म्हणून स्वागत केले. खालच्या हवालदारापेक्षा वरचा अधिकारी बरा, हे आम्हीही मानतो. पण मग आमचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. सहसचिव आणि संचालक! ऑगस्ट २०२४ च्या जाहिरातीतली पदे कोणती होती, आठवा. हीच. बाहेरून, आरक्षणाशिवाय भरायला काढलेली पदे आणि तुमचे लिखाण उडवायचा अधिकार दिलेली पदे एकच आहेत. यापेक्षा स्पष्ट धागा कोणता पाहिजे?

तिसरी कात्री तक्रार अपील समित्या. कंपनीने तुमची तक्रार फेटाळली तर अपील कुठे? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने तीन समित्या नेमल्या. प्रत्येकीत तीन सदस्य. नेमणारे कोण? केंद्र सरकार. त्यांत अनुसूचित जाती-जमातीचा किंवा स्त्रियांचा एक तरी सदस्य असलाच पाहिजे, अशी अट नियमात कुठे आहे? आम्ही शोधली, नाही.

चौथी कात्री सगळ्यांत साळसूद दिसते, म्हणून सगळ्यांत घातक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. नाव ऐकून वाटते की आपली माहिती जपायला आणला. त्याच्या कलम ४४ (३) ने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८ (१) (ञ) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अवाजवी घाला येतो, हे दाखवावे लागे. आता "वैयक्तिक माहिती आहे" एवढे म्हटले की झाले. व्यापक जनहितासाठी माहिती देता येईल असे कलम ८ (२) शिल्लक आहे, पण ते जनहित मान्य करणार कोण? तोच अधिकारी.

याचा आमच्याशी काय संबंध? राखीव जागेवर बसलेल्या माणसाचे जात प्रमाणपत्र बोगस आहे काय, हे आम्ही माहिती अधिकारातून काढतो. कोणाला डावलून कोणाला बढती दिली, ते आम्ही माहिती अधिकारातून काढतो. बोगस प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी टिकवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी सांगितले. महाराष्ट्रात त्यानंतर अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करायची वेळ आली. ती प्रकरणे वर आली कशी? आदिवासी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे कागद उकरले म्हणून. उद्या तोच कागद मागितला की उत्तर येईल, "सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." खुर्ची कोणी चोरली हे विचारायची सोयच कात्रीने कापली.

पाचवी कात्री आपल्या राज्यातली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायची नाही, केली तर १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली कारवाई. आंबेडकरी चळवळीला पैसा, वेळ आणि बुद्धी पुरवणारा वर्ग कोणता? सरकारी कर्मचारी. शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून, लेखा विभागातला बाबू. समाजाचे ऋण फेडा, असे आपण त्याला सांगतो. तो शिष्यवृत्ती का थांबली यावर दोन ओळी लिहायला गेला की नोटीस. म्हणजे जे थोडेबहुत आत पोहोचले त्यांचेही तोंड शिवले. खुर्ची मिळाली ती जिभेच्या बदल्यात!

"मग कायदाच नको काय?"

आता आपल्याच घरातल्या दोन मतांना उत्तर दिले पाहिजे.

पहिले मत आपल्या तरुणांत जोरात आहे. "बाबासाहेबांच्या नावाने घाणेरड्या रील बनवतात, बुद्धाची विटंबना करतात, आमच्या मुलींना जातीवरून शिव्या देतात. इंटरनेटवर कडक कायदा पाहिजेच. सरकार आणते तर आणू द्या." हा राग खरा आहे आणि आमचाही आहे. पण मित्रांनो, कायदा आधीच आहे! ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३ (१) (यू) अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला लागू होते. कलम ३ (१) (व्ही) आपण ज्यांना आदराने मानतो अशा दिवंगत महापुरुषाचा शब्दाने किंवा कृतीने अवमान करणाऱ्याला लागू होते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेली ही कलमे २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहेत. इंटरनेटवरचा मजकूरही सर्वांच्या नजरेसमोरचाच असतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. मग गुन्हे का दाखल होत नाहीत? कारण पोलीस ठाण्यात गेलात की "सायबरकडे जा", सायबरकडे गेलात की "ठाण्यातून पत्र आणा". कायद्याची कमतरता कुठेच नाही. टेबलामागच्या माणसाची इच्छा नाही.

आणि नवा कडक कायदा आला तर तो कोणावर चालेल, हेही बघा. कलम ६६ अ आले तेव्हा सांगितले होते की ते त्रासदायक मजकुरासाठी आहे. लागले कोणाला? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, एका नेत्याच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एक साधा प्रश्न लिहिला आणि तो 'लाइक' केला म्हणून. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. मेलेल्या कलमाखाली लोकांना पकडणारी यंत्रणा जिवंत कलमाने काय करील?

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. दर रविवारी विहारात बसतो, वाचतो, बोलतो. गटाच्या पानावर एका स्थानिक संस्थेतल्या अनुशेषाची माहिती आम्ही टाकली होती. मंजूर पदे, भरलेली पदे, राखीव रिक्त पदे. सगळे माहिती अधिकारात मिळालेले, शिक्क्यासह. एक दिवस तो मजकूर दिसेनासा झाला. "कायदेशीर विनंतीमुळे हा मजकूर आपल्या देशात उपलब्ध नाही" एवढी एकच ओळ. कोणाची विनंती, कोणता कायदा, कोणता शब्द चुकला? पाच मेल केले, पाचही उत्तरे यंत्राने दिलेली. त्याच महिन्यात बाबासाहेबांना शिवी देणाऱ्या एका पानाची आम्ही तक्रार केली होती. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. "हा मजकूर आमच्या नियमांचा भंग करत नाही." शिवी राहिली, आकडेवारी गेली. आमच्या गटातली एकोणीस वर्षांची पोरगी तेव्हा म्हणाली, "दादा, शिवी दिली असती तर राहिली असती का आपली पोस्ट?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, बहुजन प्रश्नांवर बोलणाऱ्या 'नॅशनल दस्तक' या यूट्यूब वाहिनीलाही सरकारी आदेशाचा हवाला देणारी नोटीस आली होती. म्हणजे आमच्यासारख्या चार पोरांच्या गटापासून लाखो प्रेक्षकांच्या वाहिनीपर्यंत सगळे एकाच कात्रीखाली आहेत.

दुसरे मत असे. "सरकारी नोकऱ्याच संपत चालल्या. कंत्राटीकरण झाले, खासगीकरण झाले. आता ४५ जागांसाठी काय भांडता? इंटरनेटवर आपली स्वतःची माध्यमे उभी करा." स्वतःची माध्यमे पाहिजेतच. पण ती कोणाच्या जमिनीवर उभी करणार? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेब थांबले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' काढले, आणि भारत भूषण छापखाना उभा केला. तेव्हा नकार देणारा संपादक निदान समोर दिसत होता. आज नकार देणारा दिसत नाही. तो एखाद्या मंत्रालयातला सहसचिव आहे आणि त्याच्या आदेशावर गोपनीयतेचे कुलूप आहे. सरकारी नोकऱ्यांची संख्या घटते आहे हे खरे. पण उरलेल्या वरच्या खुर्च्यांची ताकद घटलेली नाही, कितीतरी पटींनी वाढली आहे. पूर्वी सहसचिव फाइल अडवायचा. आज तो एका बटणावर तुमची वाहिनी अडवतो. म्हणूनच त्या खुर्च्या आरक्षणाशिवाय भरायची एवढी घाई आहे.

योगायोग बघा. फॅक्ट चेक युनिटच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले तो दिवस ३१ जानेवारी २०२४ होता. 'मूकनायक'ला १०४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी मुंबईत हा प्रश्न अनिर्णित राहिला होता की सरकारबद्दलचे खरे-खोटे सरकारनेच ठरवायचे काय. मार्चमध्ये सरकारने युनिटची अधिसूचना काढली, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि सप्टेंबरमध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने नियम पडला. लढलेल्यांचे आम्ही अभिनंदन करतो. पण त्या लढाईत आमचा एक तरी पक्षकार होता काय? नव्हता. ही चूक आमची आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

उदारमतवादी मित्रांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. तुम्ही म्हणता, समिती स्वतंत्र असावी, तज्ज्ञांची असावी. स्वतंत्र कोणापासून? सरकारपासून स्वतंत्र आणि जातीपासून गुलाम अशी समिती आम्हाला नको. शिवी कोणती आणि टीका कोणती, हे कळायला शिवी खाल्लेला माणूस समितीत असावा लागतो. "कोटावाला" हा शब्द ज्याला कधी चिकटला नाही, त्याला तो शब्द निरुपद्रवी वाटणारच.

आमच्या मागण्या, आमचे काम

एक. लॅटरल एंट्री असो, कंत्राटी असो, सल्लागार असो, एकाच वेळी भरायच्या जागा एक गट धरून बिंदुनामावली लागलीच पाहिजे. आजवर गेलेल्या ६३ जणांचा सामाजिक तपशील सरकारने संसदेत मांडावा.

दोन. ६९ अ ची समिती, तक्रार अपील समित्या, माहिती संरक्षण मंडळ, सर्वांत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि स्त्रियांचे प्रतिनिधित्व नियमातच लिहावे. कृपा म्हणून नको, अट म्हणून पाहिजे.

तीन. कोणाचाही मजकूर काढताना त्याला कारण आणि आदेशाची प्रत द्यावी. ज्या आदेशाची प्रत मिळत नाही त्याला आव्हान तरी कसे द्यायचे?

चार. माहिती अधिकारातले कलम ८ (१) (ञ) पूर्वीसारखे करावे.

पाच. ॲट्रॉसिटी कायद्याची (यू) आणि (व्ही) ही कलमे इंटरनेटवरच्या गुन्ह्यांना लावायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याच कायद्याच्या कलम ४ खाली कारवाई व्हावी.

मागण्या सरकारकडे. आता आपले काम. जातीय शिवीगाळ दिसली की रागाने उलट शिवी देऊ नका. पान, तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, दोन ठिकाणी ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ते करायला शिका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ती फेटाळली तर ३० दिवसांत अपील समितीकडे जा. ती समिती सरकारी आहे म्हणून सोडू नका. अपील गेलेच नाही तर "कोणाची तक्रारच नाही" असे तीच उद्या सांगेल. आपला प्रत्येक मजकूर, प्रत्येक आकडा स्वतःकडे उतरवून ठेवा. कागदावर छापा, विहारात लावा. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला 'सहयोग' पोर्टल लागत नाही.

आणि प्रत्येक तालुक्यात दोन पोरे अशी तयार करा की ज्यांना बिंदुनामावली वाचता येते आणि इंटरनेटचे नियमही वाचता येतात. आजवर आपण एकाला वकील केले, दुसऱ्याला संगणकवाला केले आणि दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत. तिकडे मात्र धोरण लिहिणारा आणि बटण दाबणारा एकाच टेबलावर जेवतो.

जाहिरात मागे घेतली म्हणून गाफील राहू नका. २० ऑगस्टच्या पत्राने जाहिरात मागे गेली, मार्ग बंद झालेला नाही. ती पुन्हा येईल, वेगळ्या नावाने येईल, कदाचित तुकड्यातुकड्याने येईल. ती आली की आपण ओरडणार, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून या वेळी आधी ओरडायची जागा ताब्यात घेतली जाईल आणि मग जाहिरात निघेल. तेव्हा आपला आवाज कोणाच्या कानापर्यंत पोहोचेल काय, याचा निकाल आज, कात्रीच्या प्रश्नावर आपण काय करतो त्यावर लागणार आहे.

आमच्या गटातल्या त्या पोरीने काढून टाकलेला तक्ता हाताने पुन्हा लिहून काढला आहे. मोठ्या कागदावर, निळ्या शाईने. तो विहाराच्या भिंतीवर लावला आहे. येता-जाता लोक वाचतात, आणि मंजूर पदे व भरलेली पदे यांतली वजाबाकी स्वतःच करतात.

जय भीम! जय संविधान!